काउंटरवरचा दुसरा रिसीव्हर

पलूस,
८ ऑगस्ट १९९७

प्रिय यशोधरा,

तू साताऱ्याला माहेरी गेलीस त्याला सहा आठवडे झाले. राजरत्न परवा माझ्या एस.टी.डी. बूथवर आला होता. म्हणाला, तू दोन घास खातेस, पण कुणाशी बोलत नाहीस, आणि मिरजेच्या त्या मनाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावायचं नावही काढू देत नाहीस. नवरा आहे तो तुझा, त्याचा चेहरा पाहवेना गं. चहा दिला, तसाच ठेवून गेला.

फोनची युक्ती माझीच. बाळ गेल्यावर तुझ्या सासूबाई म्हणत राहिल्या, दुसरं होईल, रडू नको. तू रडणंही गिळलंस. मिरजेला बाईंच्या दवाखान्यात जायचं तर एस.टी.तच निम्मं पलूस भेटणार आणि संध्याकाळपर्यंत तुला वेडी ठरवणार. म्हणून म्हटलं, दर गुरुवारी माझ्या बूथवरून बोल की. काचेचं दार लावून घे, लोकांना वाटेल भावाशी बोलतेय. आणि गुण आला. तिसऱ्या गुरुवारी बाहेर आलीस ती माझ्या ओढणीला नावं ठेवतच. लय बरं वाटलं मला.

पण काउंटरवर दुसरा रिसीव्हर असतो. लाईन लागली का बघायला आम्ही बूथवाले तो उचलतो आणि लगेच ठेवतो. तुझ्या वेळी मी तो ठेवला नाही. एकदा नाही, चार गुरुवार. काळजीपोटी म्हणेन, पण निम्मा भोचकपणाच तो. शाळेपासूनची मैत्रीण मी, आणि मला कधी न सांगितलेलं तू एका न पाहिलेल्या बाईला सांगत होतीस, याचा रागही होता.

शेवटच्या गुरुवारी तू त्यांना म्हणालीस, आता जगायचं नाही. बाई शांतपणे विचारत होत्या, आत्ता जवळ कोण आहे, घरी कोण आहे. पण मिरजेत बसून त्या तुझा हात थोडाच धरणार? तू फोन ठेवलास आणि निघालीस. मी बूथ उघडा टाकून राजरत्न शिकवतो त्या शाळेत पळत गेले. त्यानं तुला वेळेत घरी गाठलं. त्याचा मला पस्तावा नाही, कधी होणारही नाही.

पस्तावा पुढचा आहे. माझं नाव सांगू नको, अशी मी त्याला गळ घातली. त्यानं ते पाळलं, आणि तू समजलीस की बाईंनीच त्याला कळवलं, कुणाला न सांगण्याचा शब्द मोडला. ते मला कळलं होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

मागे एकदा लाईन तुटली तेव्हा तू बाईंना इथला नंबर दिला होतास. आता दर गुरुवारी चार वाजता त्यांचा फोन येतो. कालही आला. यशोधरा आहे का, एवढंच विचारतात. कोण बोलतंय म्हटलं, तर म्हणतात, ओळखीची. ना स्वतःचं नाव, ना दवाखान्याचं. तुझी गोष्ट त्या माझ्यापासूनही जपतायत, जी मी केव्हाच चोरून ऐकली आहे.

यशोधरा, शब्द त्यांनी मोडला नाही, मी मोडला. एवढं सांगायलाच हे पत्र. माझ्याशी बोलू नकोस, दारात उभी करू नकोस, चालेल मला. पण येत्या गुरुवारी बाईंना फोन लाव, जिथं दुसरा रिसीव्हर नसेल अशा ठिकाणाहून. चार वाजता मी इथंच बसलेली असेन. बाईंचा फोन वाजला नाही, तर समजेन तू त्यांच्याशी बोलते आहेस.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
नूरजहां