लाल पेटीतला तुकडा

अण्णा, तुमच्या शूटिंगच्या सातही कॅसेटी एकदाच्या कॉम्प्युटरवर चढल्या. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि तेवढी वर्षं त्या कपाटात तुमच्या मफलरखाली पडून होत्या, तेव्हा उशिराबद्दल जे रागवायचं ते आताच रागवून घ्या. मी थकलोय. त्रेपन्न वर्षांचा झालो. दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात मुलांचे फॉर्म तपासतो आणि घरी आलो की पुन्हा स्क्रीनसमोर बसतो. हे सगळं आईसाठी. तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, समोरचं दिसत नाही, कडेचं तेवढं धूसर दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा, सुधारायचं काही नाही. त्या दिवशी रिक्षातून घरी येताना ती म्हणाली, "यांच्या कॅसेटी मला लावून दे रे. पण डिस्कवर दे. डिस्क मला लावता येते." तुमच्यानंतर तिनं माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही एवढी एकच गोष्ट आहे.

डिस्कच का, तर टीव्हीखाली तो जुना प्लेअर अजून चालू आहे. त्याच्या रिमोटवर मागे माहेरी आलेल्या धाकटीनं नेलपॉलिशचा जाड ठिपका देऊन ठेवलाय, तो आईच्या बोटाला बरोबर लागतो. बाकी आजकालचं सगळं गुळगुळीत, बोटाला काही लागतच नाही. पण कोरी डिस्क आता मिळते कुठे? तुम्ही कृष्णपुऱ्याजवळ ज्या गल्लीत फोटोचे रोल धुवायला द्यायचात, तिथे एक दुकान उरलंय. तिथला माणूस हसला. म्हणाला, "भिया, अब डिस्क कौन लेता है? पेन ड्राइव में भर दूँ?" मी म्हटलं, "अम्मा को बटन वाली चीज चाहिए." मग तो माळ्यावर चढला आणि धुळीनं माखलेला दहा डिस्कचा पुडा घेऊन उतरला.

सॉफ्टवेअर निवडताना मात्र माझ्या नाकी नऊ आले. पहिलं फुकटचं होतं. कापाकापी छान करायचं, पण डिस्क बनवायची वेळ आली की त्याचं घोडं पेंड खायचं; डिस्क म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. दुसरं डिस्क बनवायचं, पण प्रत्येक चित्रावर आपलं नाव आडवं छापायचं. धाकटीच्या लग्नात भटजींच्या कपाळावरून ते नाव गेलं तेव्हा मी ते काढून टाकलं. तिसरं माझ्या कॉम्प्युटरलाच झेपेना. दीड तास चालून शेवटच्या टप्प्यावर गप्प बसायचा, माणूस झोपल्यासारखा. ऑफिसातला एकजण म्हणाला, "सर, यूट्यूबवर डाला ना, इतनी मेहनत कशाला?" त्याला नेलपॉलिशच्या ठिपक्याचं काय सांगणार. शेवटी चौथं मिळालं, जुनंपुराणं, साधं. त्यात कापताही येतं, डिस्कवर उतरवताही येतं. पंधरा दिवस वापरून बघा म्हणाले. मी पंधराही दिवस वापरलं आणि मग विकत घेतलं.

तुमचं शूटिंग कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच, पण ते पुन्हा बघताना मी एकटाच हसत होतो. तुमचं बटण कायम एका पावलानं उलटं. चालू केलं असं वाटायचं तेव्हा तुम्ही बंद करायचात आणि बंद केलं समजून कॅमेरा गळ्यात अडकवायचात तेव्हा तो सुरू असायचा. त्यामुळे धाकटीच्या लग्नात अंतरपाट धरलेला दिसतो, मंगलाष्टकं चढत जातात, शेवटचं "सावधान" येतं आणि बरोबर तिथे शूटिंग तुटतं. त्यानंतर बारा मिनिटं सतरंजी. तुमचे मोजे, कुणाची तरी पैठणीची किनार, सांडलेल्या अक्षता, आणि वरून तुमचं बोलणं. कुणी जेवलं नाही, कुणाला स्टेशनवर सोडायचं, पोह्यांवर भुरभुरायचं जीरावन का नाही. कारखान्यात सुताएवढी चूक पकडणारा माणूस एका लाल बटणापुढे हरला, यावर तुम्ही होतात तोवर घरात किती थट्टा झाली.

त्याच बारा मिनिटांत तो तुकडा आहे. तुमचे साहेब लग्नाला आले होते. त्यांच्यासमोर शब्द टाकून तुम्ही मला सांवेर रोडला, तुमच्याच कारखान्यात चिकटवलं होतं आणि लग्नाच्या आठवडाभर आधी, तुम्ही रजेवर असताना, मी तुम्हाला न सांगता ती नोकरी सोडली होती. चार महिन्यांत. लग्न होऊ दे, मग सांगू, असं मनाशी ठरवून मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि नेहरू पार्कात बसून तो खायचो. साहेबांनी तुम्हाला मांडवात विचारलं असणार, मुलगा का येत नाही म्हणून. त्यानंतर तुम्ही मला त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. मी समजत आलो की तुम्ही ते पोटात घातलं. आणि आता एकोणतीस वर्षांनी सतरंजीच्या चित्रावर तुमचा आवाज येतो, आईशी बोलताय, "साहेबांसमोर आज मान खाली गेली माझी. याच्यानं काही होणार नाही. मी फोकट शब्द टाकला." आई म्हणते, "हळू बोला, आज तरी." मी तिथेच थांबवलं आणि कापलं.

खरं सांगतो, मला फार लागलं. इतक्या वर्षांनी लागू नये, पण लागलं. मग विचार केला, एवढाच तुकडा काढला तर आईला कळेल. म्हणून तसले सगळेच काढले. सातही कॅसेटींतले सगळे मोजे, सतरंज्या, पिशव्यांचे अंतर्भाग आणि त्यांवरचं तुमचं सगळं बोलणं. उरलेल्या चित्रांचे रंग मी तीन आठवडे उजळत बसलो, आईला जरा तरी दिसावं म्हणून, आणि खाली एकसारखी सनई टाकली. काढलेले तुकडे मात्र पुसले नाहीत. त्यांचा वेगळा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं लाल पेटी.

ते नाव तुमचंच. मी नववीत आहे, दिवाळीची सुट्टी, तुम्ही मला कारखाना दाखवायला नेलंय. तेलाचा वास, लेथच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही, आणि तुम्ही टेबलाशी उभे राहून बुशचं एकेक कडं व्हर्नियरच्या मापात धरताय. चुकलेल्यावर लाल रंगाचं बोट ओढून तो लाल पेटीत टाकताय. मी मदत करायची म्हणून पेटी उचलतो आणि भंगाराकडे निघतो. तुम्ही माझं मनगट धरता. "ठेव ती. पाळी सुटेपर्यंत लाल पेटी कुणी हलवत नाही." मी विचारतो, खराबच आहे ना माल? तुम्ही म्हणता, "ज्यानं बनवलाय तो येईल, हातात घेऊन बघेल. त्यानंतर भंगार." संध्याकाळी खरंच एक म्हातारा कारागीर येतो, बुश फिरवून फिरवून बघतो, मान हलवतो आणि स्वतःच्या हातानं भंगारात टाकतो. तुम्ही त्याला काही बोलत नाही, फक्त पाण्याचा ग्लास पुढे करता.

डिस्क तयार झाली तेव्हा मी आईच्या हातात दिली. तिनं ठिपका शोधून बटण दाबलं. टीव्हीचा पडदा असा झगझगीत, बघत राहावं. ती मान तिरकी करून बसली होती. मला वाटलं, कडेनं बघतेय. बघत नव्हती, कान लावून बसली होती. अर्ध्या तासानं मीच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, विचारलं, "कशी झालीय?"

"हे कुठे आहेत?" ती म्हणाली.

"अण्णा शूटिंग करायचे ना, ते कसे दिसणार?"

"दिसायचं मला काय कौतुक रे आता. बोलायचे ना ते मधे मधे. मी त्यासाठी मागितली होती."

मी म्हटलं, ते खराब भाग होते, सॉफ्टवेअरनंच काढले. सनई चालूच होती. आई म्हणाली, "तुला बोलले ते काढायला गेलास आणि सगळेच काढून बसलास. मांडवात मीच होते ना शेजारी." तिनं विचारलं, "पुढचं ऐकलंस का?" मी नाही म्हटलं. "मग काय बोलले ते मी नाही सांगणार. त्यांचं बोलणं आहे, त्यांच्याकडूनच ऐक."

मग मी पुन्हा बसलो. लाल पेटी उघडली आणि एकेक तुकडा न ऐकता, आवाज बंद ठेवून, जागच्या जागी लावला. सनई काढली. पुड्यातल्या आणखी तीन डिस्क वाया गेल्या, चौथी लागली. आता मी ऑफिसातून आलो की आई ती रोज लावते. सतरंजी दिसते, मोजे दिसतात आणि घरभर तुमचा आवाज असतो. ती तुम्हाला मधेच उत्तरंही देते. जीरावन होतं हो, तुम्ही बघितलंच नाहीत, असं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो. मांडवातला तो न ऐकलेला भाग जवळ आला की मला कळतं. त्याआधी कुणीतरी पंगतीला हाका मारतं. हाका सुरू झाल्या की मी उठतो, स्वयंपाकघरात जातो आणि नळ पूर्ण सोडतो. आई बाहेरून ओरडते, "नळ बंद कर, टाकी रिकामी होईल. इतका वेळ काय धुतोस?" मी म्हणतो, कप. एकच कप असतो, अण्णा, आणि तो धुतलेलाच असतो.