बारा मशीनची स्क्रिप्ट

आबा, आज नव्या बॅचला पहिली स्क्रिप्ट शिकवली. काळा पडदा बघून दोघीतिघी घाबरल्या. मी नेहमीचंच सांगितलं, की रोज हाताने टाइप कराव्या लागणाऱ्या कमांडी एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायच्या, मग त्या फाइलीचं नाव टाकून एंटर दाबलं की कॉम्प्युटर सगळं आपलं आपण करतो. एकीने विचारलं, "मॅडम, तुमची पहिली स्क्रिप्ट कशासाठी होती?" मी फळा पुसायला लागले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या प्रश्नाचं उत्तर मला चारचौघांत देता येत नाही.

लूमवर उभं राहून तुमचे गुडघे गेले, तेव्हा कडोदऱ्याच्या त्या एम्ब्रॉयडरी कारखान्यात बसून करायचं काम मिळालं, म्हणून घरात केवढा आनंद झाला होता. रोज सकाळी त्या दिवसाची डिझाइनं बारा मशीनच्या बारा फोल्डरांत कॉपी करायची. जुना कॉम्प्युटर, माऊसबिऊस काही नाही, नुसत्या कमांडी. सातवी शिकलेले तुम्ही, त्या देवनागरीत वहीत उतरवून घेतल्या होत्या, कॉपीची अशी: "सीपी, मग जागा सोडणे." एका सकाळी मला कौतुकाने दाखवायला नेलंत. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते मी, शिंगं फुटली होती. तुम्ही एका बोटाने पाचव्या मशीनची कमांड लिहिताय, अक्षर चुकतंय, पुन्हा पहिल्यापासून, आणि मी मागे उभी राहून वैतागतेय. "आबा, सरका. गाढवासारखं एकच काम बारा वेळा काय करत बसता?" असं बोलले मी. बापाला.

तुम्ही सरकलात. मी अर्ध्या तासात स्क्रिप्ट लिहिली आणि बाराही फोल्डर एका एंटरमध्ये भरून दाखवले. "माले बी शिकाड ना," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, तुम्हाला नाही जमायचं. तिथे थांबले असते, तरी निदान एंटर दाबायला तुम्ही लागला असतात. पण मला मिरवायचं होतं. रोज आठ वाजता ती आपोआप चालेल, अशीही सोय मी करून ठेवली. तुम्ही शेठला हाताला धरून घेऊन आलात. "हाई मन्ही पोरनी करेल शे!"

पंधरा दिवसांनी तुम्ही भरलेला डबा तसाच घेऊन दुपारच्या आत डिंडोलीला घरी परत आलात. शेठ म्हणाला होता, "काका, हवे तमारुं शुं काम? घेर आराम करो." आता तुमचं काय काम, घरी आराम करा. आईने विचारलं तर हसून म्हणालात, कारखाना आता माझ्या पोरीवर चालतो. शेजाऱ्यांनाही तेच सांगत सुटलात. एकदा तरी मला शिव्या घालायच्या होत्यात, आबा. मग तुम्ही आईबरोबर साड्यांना स्टोन चिकटवायला बसू लागलात. चष्मा लावूनही खडा वाकडा बसायचा, आणि आई तो गुपचूप काढून नीट लावायची.

इथवर तुम्हाला ठाऊकच आहे. पुढचं ठाऊक नाही, आणि हा कागद कुठे धाडायचा नाही म्हणूनच लिहिता येतंय. दोन महिन्यांनी शेठचा फोन आला होता. "बेन, तारो प्रोग्राम अटकी गयो छे, जरा जोई आप ने." कुणीतरी डिझाइनच्या फोल्डरचं नाव बदललं होतं, बाकी काही नाही. सगळ्या मशीन खोळंबल्या होत्या. मी नाही म्हटलं असतं तर हाताने कॉपी करायला त्याला तुम्हालाच परत बोलवावं लागलं असतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, नंतर नव्हे. पण माझी स्क्रिप्ट फसली असं कुणी म्हणावं, हे मला सोसवेना. कोणती ओळ बदलायची ते मी फोनवर सांगितलं. दोन मिनिटांत पलीकडून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. तुम्ही समोरच बसला होतात, मांडीवर साडी घेऊन. "कोना फोन व्हता माय?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, मैत्रिणीचा.