साक्ष म्हणजे डोळ्यांसकट

प्रिय मावशी,

तू गेल्याचं मला बाबल्या खलाशाने सांगितलं, बोट कलकत्त्याला लागली तेव्हा. तुझे दिवसही तोवर होऊन गेले होते. तेव्हा लिहिलं नाही. पण काल दिनूदादाचा निरोप आला. सदूच्या बायकोने कोर्टात लावलेल्या दाव्याची पुन्हा तारीख पडलीय, वकील दुसरा साक्षीदार शोधतायत, पण मी काही येऊ नये म्हणे. "मेलेल्या माणसासाठी गोदीतली नोकरी घालवतोस काय?"

तुझा सख्खा मुलगा हे म्हणतो, मावशी! त्याला उत्तर देईन सावकाश. आधी तुझ्याशी भांडायचंय.

मला इकडे का धाडलंस?

तुला आठवतं ना सगळं? लालबागला तुझ्या खानावळीत आम्ही दुपारचे पंगतीला बसलेलो. बाहेर रस्त्यावर 'झालाच पाहिजे' चाललं होतं. सदू एरवी नळावर बालदी भरतानासुद्धा घोषणा द्यायचा, पण त्या दिवशी जेवत होता. म्हणाला, "मावशी, आधी आमटी, मग महाराष्ट्र!" तू त्याला पळीने मारायला धावलीस. सगळे हसलो.

मग पोलिसांचा गोळीबार सुरू झाला. धूर आत यायला लागला, डोळ्यांची आग. सदू पानावरनं उठला, दार ओढून घ्यायला. डाव्या हाताने कडी धरली. उजवा हात उष्टा, तो त्याने वर धरला, कशाला लागू नये म्हणून. तुझ्या खानावळीत दाराला उष्टा हात लावायची कुणाची छाती होती?

तो वर धरलेला हात रस्त्यावरून त्यांना कसा दिसला? दगड उचलल्यासारखा!

सदू उंबऱ्यावरच पडला. बोटांना भात तसाच. आणि कागदावर आलं, दगडफेक करताना ठार.

मोर्चात मेला असता तर आम्ही छाती पुढे काढून सांगितलं असतं. त्यात लाज कसली? पण जेवता जेवता मारलेल्या माणसाच्या हातात दगड कोण ठेवतो?

सदूच्या बायकोचे ते गिरगावचे वकील आले तो दिवस तुला आठवतो का गं? तुला म्हणाले, "बाई, तुम्ही साक्षीदार." तू विचारलंस, "म्हंजे काय करूचा?" तर त्यांनी शब्दच फोडून दाखवला. अक्षी म्हणजे डोळा. स म्हणजे सकट. साक्षी म्हणजे डोळ्यांसकट हजर होता तो. मागचं 'दार' तेवढं फारसी, बाळगणारा. मी चौथीत शाळा सोडली, मला असला शब्द कधी कुणी सोलून दिला नव्हता. मी लगेच म्हटलं, "म्हणजे शिकलेला नसला तरी चालतो?" वकील म्हणाले, "डोळे हवेत. आणि ते घेऊन उभं राहायची तयारी."

त्यांनी तुझं नाव लिहिलं, माझंही लिहिलं. आणि त्याच आठवड्यात तू मला बाबल्याच्या हवाली केलंस! "पोलीस पोरांक उचलतत. तू हयसून जा. मिया आसंय मां." मी आरडाओरडा केला, तर तू माझं गाठोडं बाहेर ठेवलंस. एवढी कसली घाई होती? तुला वाटलं, एकटी निभावून नेशील?

नेलंस का? बाबल्याने सांगितलं मला. समोरच्या वकिलाने विचारलं, "आजीबाई, मोतीबिंदू आहे ना तुम्हाला? मग हाताला भात होता की हातात दगड होता, कसं कळलं?" तू म्हणालीस, "एक डोळो गेलो तरी दुसरो आसा मां! आणि भात मियांच वाढललंय!" कोर्ट हसलं. तुझी साक्ष बाजूला ठेवली.

हसले, मावशी! मी असतो तर तुझ्या शेजारी उभा असतो. मला धाडलंस, ते मी तुला कधी माफ करणार नाही. राग धरायचा तर धर.

इथे गोदीत माझ्यासोबत एक बंगाली आहे. त्याला ही सगळी हकीकत सांगितली, मोडक्या हिंदीत. तो म्हणाला, "तुमि तो शाख्खी!" तोच शब्द, जरा तोंड वाकडं करून. आणि हिंदीवाले डोळ्याला आँख म्हणतात, तीही त्याच अक्षीची लेक, असं तो सांगतो. आपण डोळ्याला डोळाच म्हणतो, अक्षी विसरलो. पण साक्षीत ती आपल्याकडेही राहिलीच की! एवढ्या मुलखात माणसांनी एक गोष्ट ठरवून ठेवलीय, ज्याने पाहिलं त्याने सांगायचं. ती काय दिनूदादाने मोडायची? की मुकादमाने? मुकादम म्हणतो, गेलास तर परत घेणार नाही. नको घेऊ. ओझी उचलायला जग पडलंय.

मावशी, तू नको म्हणालीस तरी मी येणार. पिंजऱ्यात उभा राहीन. ओरडणार नाही, शिवी देणार नाही, हे वचन तुला. पाहिलं तेवढंच सांगीन, पण सगळं सांगीन. कुणी हसलं तर हसू संपेपर्यंत थांबेन आणि पहिल्यापासून पुन्हा सांगीन. आणि विचारलं, मयताशी तुझं नातं काय, तर सांगीन, एका पंगतीतला.

तुझाच,
शंकर