गिटारचे पिकअप आणि तुमचे दादा

चि. भावजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (टक्कल पडलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो, पण नात्याने तुम्ही धाकटे, त्याला माझा इलाज नाही.) गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा दमा आटोक्यात असावा. आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक. तुमचे दादा परवापासून तोंड पाडून बसले आहेत.

त्यांची बेस गिटार घूं-घूं करू लागली म्हणून दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने तारांखालचे ते दोन काळे ठोकळे (पिकअप, तारेची थरथर पकडून स्पीकरकडे धाडतात, एवढं मला आता कळतं) स्क्रू काढून उलटे केले आणि म्हणाला, "हे मूळचे नाहीत. मागाहून बसवलेत." झालं! दादा खुर्चीतून उठलेच. "बघ! इतकी वर्षं घसा फोडून सांगतोय! धाकट्याने नेली आणि पिकअप बदलून आणून दिली!"

आमच्या लग्नानंतर वर्षभराने तुम्ही ती गिटार नेलीत. परत आल्यावर दादांना तिचा आवाज बिघडलेला वाटला, कुणा वादकमित्राने हेच निदान केलं आणि सख्ख्या भावांचं बोलणं संपलं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात तुम्ही सकाळी यायचात, हे संध्याकाळी. त्यांना दोघे एकत्र दिसलेच नाहीत.

पिकअपच्या पोटावर शिक्का निघाला, साल आमच्या लग्नाआधीचं. दादा म्हणाले, "जुनाच माल घातला असेल त्याने." (शिक्का माल कधी बनला ते सांगतो, कधी बसवला ते नाही. मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला.) मग मी लग्नाचा अल्बम काढला. नवरदेव स्वतःच्याच लग्नात गिटार वाजवत बसले होते, हे मी विसरलेले नाही. मूळच्या पिकअपचं तोंड गुळगुळीत असतं. या बसवलेल्या पिकअपवर स्क्रूंची रांग आहे. दुरुस्तीवाल्याने फोटोवर भिंग धरलं. रांग तिथेही चकाकत होती. म्हणजे तुमचा हात लागण्याआधीच, बहुधा आधीच्या मालकाने (गिटार दादांनी जुनीच विकत घेतलेली), ते बदलले होते. वर दुरुस्तीवाला म्हणतो, मूळच्यांपेक्षा हेच सरस. तेव्हा आवाज बिघडला होता तो दादांच्या बोटांमुळे.

फोटो इतकी वर्षं घरातच होता, भावजी. कुणाला बघावंसं वाटलं नाही, मलासुद्धा नाही. याला काय म्हणायचं?

बाकी लिहिण्यासारखं नाही, समोर बसून बोलण्यासारखं आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. दादांनी चूक कबूल केलेली नाही. "त्या शहाण्याला कळवून टाक," एवढंच म्हणाले. पण पत्ता त्यांना तोंडपाठ होता.

ता. क. २. दुरुस्तीवाला पिकअप परत बसवायला आला, तर दादांनी त्याला दारातूनच घालवला. म्हणे, आधी धाकटा डोळ्यांनी बघू दे. तेव्हापासून गिटार जेवणाच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडली आहे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. रविवारी या. माफी कोणी मागेलसं वाटत नाही, पण मला टेबल हवं आहे.