होडीला दारं की फळ्या, याचा निवाडा

ऊर्जानगर,
मंगळवार, ९ जुलै

प्रिय प्रफुलबाबू,

तुला आणि दीपिकाला श्रावण निमगडेचा सप्रेम जयभीम. समुद्राच्या हवेनं तुझं पोट सुधारलं, की विशाखापट्टणमच्या मिरच्यांनी पुन्हा बिघडवलं, ते आधी कळव. इकडे सगळे खुशाल आहेत. त्यातल्या त्यात अश्वजित जरा जास्तच खुशाल आहे, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. (फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोन करताना तुझी बहीण सत्यशीला बाजूला बसून असते. कुटुंबाच्या गटावर लिहावं तर तिथे अश्वजित पहाटे पाचला सगळ्यांना सुप्रभात करतो, आणि तुझ्या दोन्ही बहिणी त्याला फुलं पाठवतात. मीही एकदा केलं होतं सुप्रभात. सत्यशीलानं स्वयंपाकघरातून विचारलं, "तब्येत बरी हाय ना जी?" म्हणून हा कागद आणि स्पीड पोस्ट.)

तू तुझ्या गोदीतली ती जुनी शिडाची होडी ट्रकवर घालून तुमच्या गावच्या मामा तलावाच्या मातीच्या पाळीवर उतरवलीस, त्याला आता तीन महिने होतील. होडी चांगली आहे. शीड फाटलं होतं, ते मी स्वतः शिवलं. सुकाणू ढिलं होतं, ते मी स्वतः घट्ट केलं. फक्त मधल्या बसक्या खोलीच्या तोंडाला काहीच नव्हतं, नुसतं भोक. कमरेइतकं उंच, वर रुंद आणि खाली निमुळतं. या भोकाला झाकण काय बसवावं यावर जगात दोन पक्ष आहेत, हे तुला ठाऊकच असेल. एक पक्ष बिजागरीची दारं लावतो. दुसरा पक्ष, ज्यात शहाणी माणसं आहेत, बाजूच्या खाचांत एकावर एक सरकवायच्या सुट्या फळ्या लावतो. मी नववीनंतर शाळा पाहिली नाही. वीज केंद्रात हेल्पर म्हणून लागलो आणि फिटर झालो, तो इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर ठेवून वाचत. तसंच होडीचंही वाचलं, सगळं. खालची एक फळी बसवून ठेवली की लाट आत येत नाही आणि माणूस मात्र वरून टांग टाकून आत जातो. दाराचं तसं नाही. दार उघडं म्हणजे पूर्ण उघडं. ("तलावात लाट कुठून येणार?" असं अश्वजितनं विचारलं. सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून समजलेलं नाही.)

अश्वजितबद्दल माझ्या मनात काही नाही, हे तू जाणतोसच. संघप्रियाचा नवरा, माझा साडभाऊ, वयानं नऊ वर्षांनी लहान, डिप्लोमा इंजिनिअर, आलापल्लीला सरकारी नोकरी. माणूस वाईट नाही. फक्त तो घरात शिरला की तुझ्या आई खुर्चीवरून उठतात. मी शिरलो की म्हणतात, "बरं झालं आले, तो पंखा आवाज करून राह्यला, पाहा जरा." मी पंखा पाहतो. आता पंखा मीच दुरुस्त करू शकतो, त्यामुळे त्यांचंही बरोबर आहे. पण खुर्चीवरून एकदा तरी उठायला काय हरकत आहे?

तर आईंनीच तोडगा काढला. दोघा जावयांनी आपापलं करून आणावं, लावून पाहावं, आणि मग प्रफुल सांगेल ते ठेवावं. ज्याचं राहील, तो आषाढ पौर्णिमेला सुकाणू धरून आईंना तलावापलीकडच्या विहारात नेईल. तुझ्या बाबांनी त्या विहाराच्या पहिल्या विटा होडीतूनच नेल्या होत्या, आणि त्यानंतर आई पाण्यावरून कधी तिकडे गेल्या नाहीत, हे मी तुला सांगायला नको. त्या त्यांच्या आयुष्यातल्या मानाच्या फेरीला माझ्या होडीत बसाव्यात (होडी तुझी आहे, पण शीड माझं आहे), एवढीच माझी इच्छा. अठ्ठावीस वर्षं झाली मला या घरचा जावई होऊन. तेवढ्या काळात मी चौदा पंखे दुरुस्त केले, दोन मोटारी बसवल्या आणि एक छत गळायचं थांबवलं.

मी मे महिन्यातच माप घेतलं. पाळीवर सत्तेचाळीस अंश होतं, लोखंडी पट्टी हातात धरवत नव्हती, ती ओल्या फडक्यात धरून घेतलं. तीनदा घेतलं. लाकूड आलापल्लीच्या डेपोतलं लिलावाचं सागवान, पावतीसकट. (ते अश्वजितनंच आणून दिलं ही गोष्ट खरी आहे. मी मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "भाऊ, तुमच्यासाठीबी घेतलं." अशी माणसं असतात.) तीन फळ्या केल्या, अठरा मिलिमीटर जाडीच्या, दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिलिमीटर मोकळीक. फळी खाचेत सोडली की कपाटाच्या खणासारखी सूं करून खाली जायची. शिवाय वरच्या फळीला मी लाकडाची एक पुढे आलेली जीभ ठेवली. ती बसली की छताचं सरकतं झाकणही आपोआप बंद! ही युक्ती कुठल्याच पुस्तकात नाही, माझी आहे. आईंनी ते सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "जवाईबापू, हे त बकऱ्याच्या कोठ्याले लावतेत तशा फळ्या वाटतेत."

परवा रविवारी अश्वजितची दारं आली. गाडीतून, नव्या चादरीत गुंडाळून, जशी नवरी आणतात. मी माझ्या फळ्या बसनं, मांडीवर घेऊन आणल्या होत्या. त्याची दारं बिरजू मिस्त्रीनं केली आहेत, अश्वजितनं नाही, हे नोंदवून ठेव. दोन पाकळ्या, पितळी बिजागऱ्या, आणि दोन्हींवर मिळून एक कोरलेलं कमळ. दार मिटलं की कमळ पूर्ण होतं. तुझ्या दोन्ही बहिणी त्या दारांसमोर बसून फोटो काढत होत्या. सत्यशीलानं त्या कमळावरून हात फिरवला. तसाच हात माझ्या फळ्यांवरून फिरवायला मी तिला मे महिन्यात सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "हाताले कूस लागन." दारं लावून पाहिली. वारा आला तशी डावी पाकळी धाडकन माझ्या गुडघ्यावर बसली. मी ओरडलो तर आई म्हणाल्या, "अवो, दाराले लागलं त नाई?"

मग दारं काढून ठेवली आणि माझी पाळी आली. फळ्या जरा जड जात होत्या. मी हातोडीनं, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून, हलकेच बसवत होतो. अश्वजित म्हणाला, "भाऊ, मी आतून पाहातो, उजेड येते का कुठून." आणि आत जाऊन बसला. मी त्याला आत पाठवलं नाही, तो गेला. मी वरची फळी ठोकली, जीभ बसली, झाकण बंद झालं. उजेड कुठूनही येत नव्हता. ते त्यानं आतून मोठ्या मनानं कबूल केलं. मग मी फळी वर उचलायला गेलो, तर ती हलेना.

चूक मापात नव्हती, प्रफुलबाबू, चूक हवेत होती. मेमध्ये मोजलेलं सागवान आषाढात पाणी पिऊन फुगतं. तिन्ही फळ्या खाचांत अशा आवळल्या की जणू एकाच झाडात उगवल्या होत्या. आता याला एका बाजूनं पाहिलं तर दोष म्हणता येईल, आणि दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर याहून पक्कं बंद होणारं दार भारतात नसेल. मी दुसरी बाजू समजावून सांगत होतो. कुणी ऐकत नव्हतं.

कारण खोलीला वीतभर गोल खिडकी आहे, आणि सगळं घर त्या खिडकीला लागलं होतं. आधी पाणी गेलं. मग संघप्रियानं कागदाचा पंखा आत दिला. मग आई घरी गेल्या आणि गरम कांदाभजी घेऊन आल्या, एकेक भजं फुंकून खिडकीतून आत देऊ लागल्या. "खाऊन घ्या बापू, अंदर घाम येत असन." प्रफुलबाबू, मी बाहेर उन्हात घामानं न्हात होतो, हातात हातोडी, गुडघ्यावर टेंगूळ, मला कुणी भजं दिलं नाही. मी जरा मोठ्यानं म्हणालो की मलाही भूक लागली आहे, तर माझी लग्नाची बायको म्हणाली, "तुमी त बाहेर हाव ना जी!" आणि मग मला ओलांडून, खिडकीशी वाकून, "अश्वजितभाऊ, तुमीच सांगा जी आतून, काय कराव लागन." माझ्या फळ्या. माझी जीभ. आणि उपाय विचारायचा त्याला.

शेवटी तलावावर जाळी टाकणारा चैतू आला. त्यानं दोन मिनिटं पाहिलं, बिडी विझवली आणि घरून कुऱ्हाड घेऊन आला. मी आडवा झालो. म्हटलं, हे आलापल्लीचं सागवान आहे, मी यावर सव्वीस दिवस रंधा मारलाय. चैतू अगदी शांतपणे म्हणाला, "सागवान त मोठंच हाय जी. पर अंदर मानूस हाय." यावर सगळे माझ्यावर तुटून पडले, आणि आतून आवाज आला, "श्रावणभाऊले कोनी काई बोलू नका!" असा माणूस आहे हा. कैदेत बसून भजी खात खात मला माफ करतो.

चैतूनं मधली फळी दोन घावांत फोडली. दोन तास दहा मिनिटांनी अश्वजित बाहेर आला, ओठ तेलानं चमकत होते, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "पर भाऊ, फळ्या मजबूत हायेत." आई त्याचा घाम पदरानं पुसत होत्या.

असो. निवाडा आता तुझ्याकडे आहे. तू गोदीत एवढी जहाजं पाहतोस, दारं की फळ्या, ते निष्पक्षपणे ठरव आणि पौर्णिमेच्या आत आईंना फोन करून सांग. माझी भीड धरू नकोस. तुझा शब्द मला मान्य असेल, अश्वजितलाही असेल. (त्याला तर सगळंच मान्य असतं, तीच तर अडचण आहे.)

तुझा भाऊजी,
श्रावण निमगडे

ता. क. निष्पक्ष निवाडा द्यायला तुला सोपं जावं म्हणून दोन वाक्यं तयार करून देतो. "आई, गोदीतले जुने जाणते खलाशी फळ्याच लावतात. दोन मिलिमीटर मोकळीक ठेवली की आषाढातही अडकत नाहीत." हे तुझ्याच शब्दांत सांग. नवी मधली फळी मी कापायला घेतली आहे.

दुसरी ता. क. तू गोदीतला माणूस, गटावरचे फोटो पाहून तुझ्या लक्षात येईलच, म्हणून आधीच सांगतो. खाचांच्या पट्ट्या मी चार बोल्टांवर बसवल्या आहेत आणि त्यांचे नट आतल्या बाजूला आहेत, कानवाले, हातानं फिरणारे. आतल्या माणसानं ते चार नट फिरवले असते तर पट्टी सुटून फळ्या मोकळ्या झाल्या असत्या. हे मला पहिल्या मिनिटाला माहीत होतं. आधी फळ्यांची बाजू मांडत बसलो, मग सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सत्यशीलानं "अश्वजितभाऊ, तुमीच सांगा" म्हटलं, आणि मग मी तोंड मिटलं. म्हटलं, डिप्लोमा आहे ना, सांगू दे. हे कुणाला बोलू नको.

तिसरी ता. क. (रविवार, १४ जुलै. पत्र अजून टाकलं नव्हतं.) आज एकटाच गावी जाऊन नवी फळी बसवली. आत शिरलो तर एक गोष्ट दिसली. मी कुठलाही नट आवळला की त्याचे कान आडवे ठेवतो. चारही आडवे, ही माझी तेवीस वर्षांची सवय आहे. त्यातल्या वरच्या उजव्या नटाचे कान उभे होते. म्हणजे कुणीतरी तो सोडवून पाहिला, सुटतो हे पाहिलं, आणि पुन्हा आवळून ठेवला. आत तर एकच माणूस होता.

आधी वाटलं, भज्यांसाठी बसून राहिला. तासभर मी तसंच धरून होतो, आणि फार बरं वाटत होतं. पण प्रफुलबाबू, तो नट फिरवून बाहेर आला असता, तर दुसऱ्याच क्षणी आईंनी मला विचारलं असतं, "जवाईबापू, हे तुमाले मालूम नवतं काय?" मग मी काय सांगितलं असतं? तो दोन तास त्या भट्टीत बसला, चैतूला माझं सागवान फोडू दिलं, आणि अजून घरात कुणाला एक अक्षर बोललेला नाही. संघप्रियालाही नाही, मी फोनवर आडून विचारून पाहिलं.

तेव्हा वरची दोन वाक्यं खोडून टाक. आईंना दारं म्हणून सांग. पौर्णिमेला अश्वजितनंच त्यांना न्यावं, मी पाळीवर उभा राहून दोर सोडीन. हे मी सुचवलं असं मात्र कुठेही येता कामा नये.

आणि त्या डाव्या पाकळीच्या खालच्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरची फट होती. तीच पाकळी वाऱ्यानं उघडून माझ्या गुडघ्यावर बसली होती. आज पट्टी जोडून, रंधा मारून ती सारखी केली आणि कमळ पुन्हा जुळवलं. हेही त्याला सांगू नको. कळलं तर तो सगळ्यांसमोर माझे आभार मानेल, आणि तेवढं मात्र मला सहन होणार नाही.