न धुतलेली वाटी

मुलुंड पूर्व,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

प्रिय विमलाआत्या,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. तुझे पाय अजून सुजतात का? पापड-लोणचं पुन्हा सुरू केलंस, असं आई म्हणत होती. सध्या नको खाऊस. का, ते लिहितेच, पण मला जरा वळसा घेऊ दे.

मी सहावीत असताना चारकोपच्या घरी फरशीवर वाट्या मांडून तू मला प्रोग्रॅम लिहायला शिकवलंस. वाटी म्हणजे मेमरीतली जागा, चवळीचे दाणे म्हणजे आकडे. एकेक ओळ वाचायची आणि दाणे हलवायचे. तुझ्या पहिल्या नोकरीत अख्ख्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर, त्याची मेमरी चिमूटभर, त्यामुळे तीच वाटी पुन्हा पुन्हा वापरावी लागायची. मी घाईत जुने दाणे तसेच ठेवले की तू म्हणायचीस, "अगो, उष्ट्या वाटीत दुसऱ्याक वाढतंस?"

आमच्या कंपनीत वाट्यांना तोटा नाही, म्हणून कोणी बघतही नाही. रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी आम्ही रिपोर्ट छापणारा प्रोग्रॅम केला. बराचसा एआयनेच लिहिला. मी तो ओळीने वाचायला बसले, तर आमचा टीम लीड हर्षद म्हणाला, "पोथी वाचतेयस काय? प्रोग्रॅमच्या टेस्ट सगळ्या पास आहेत ना. सोड ना यार." मला भांडता येत नाही, तुला माहीत आहे. निम्मा वाचायचा राहिला आणि प्रोग्रॅम सुरूही झाला.

पण मन लागेना. परवा रूमवर वाट्या मांडल्या. माझी रूममेट निधी म्हणाली, "पंगत कुणाची गं?" मला हसता आलं नाही. नळीतलं रक्त कमी पडलं तर मशीन आकडा देतच नाही. अशा वेळी आमचा प्रोग्रॅम वाटी रिकामी न करता तिच्यात उरलेला आधीच्या माणसाचा आकडा छापतो.

काल हर्षदला दाखवलं. "सोमवारी बघू. क्लायंटला आत्ता कळलं तर वाट लागेल." मी लॅबला स्वतःच फोन केला. नोकरी बहुधा गेली, त्याचं नंतर बोलू. लॅबवाल्यांनी चुकलेले रिपोर्ट शोधायला मला बोलावलं. शोधता शोधता तुझं नाव आलं.

रिपोर्टात किडनी सुधारलेली दिसली म्हणून तू शिरा केलास. डॉक्टरांनी गोळी कमी केली. तो आकडा तुझा नव्हता, आत्या. तुझ्या आधी कुणी रक्त देऊन गेलं होतं, त्याचा होता. तुझा किती, ते कुणालाच माहीत नाही.

फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, उलट माझीच समजूत काढली असतीस. म्हणून हे पत्र मीच घेऊन येतेय, दाराखालून सरकवीन. वाचून झालं की चपला घाल. दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ. रागावायचं ते वाटेत रागाव, पण आधी चल.

बाहेर जिन्यात उभी असलेली,
श्रुतिका