हातानं खायचा बेत

५ नोव्हेंबर, मंगळवार

पार्किन्सन. डॉक्टरने सरळ सांगून टाकलं. मला वाटत होतं मान आखडलीय म्हणून हात थरथरतो! उभी हयात शाउ-के-वानच्या बाजारात डुक्कर कापलं, खांदे झिजणारच, अशी स्वतःची समजूत घालत होतो.

डॉक्टर पोरगेलासा. संगणकावरची नजर न काढता विचारतो, "घरात आणखी कोणाला होतं का?" मी म्हटलं, नाही. तोंडातून निघूनच गेलं. आणि डोळ्यांसमोर बाबा — वाडगा तोंडाशी न्यायचे आणि अर्धा भात मांडीवर. गल्ली म्हणायची दारूने झालं. घरचेही तेच म्हणायचे. दारू म्हटलं की पुढचे प्रश्न बंद.

"काही घरांत ते वंशात उतरतं," डॉक्टर म्हणाला. पुढचं मी ऐकलंच नाही. आमचा मुलगा चि-हांग एकतीस वर्षांचा आहे. एकुलता एक. मला भीती वाटते. लिहून टाकलं, बरं वाटेल म्हणून. नाही वाटलं.

मी घरात पाऊल टाकताच सिउ-फानने विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?"

"मान."

"मग लोळत पेपर वाचू नकोस म्हाताऱ्या! बायकोचं ऐकायचं नाही, डॉक्टरला पैसे देऊन तेच ऐकून यायचं!"

संपला विषय. तिला सांगायचं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आ-बिउबरोबर चहाला. बाजारात त्याचा मासळीचा गाळा, माझा समोरचा. दोघेही निवृत्त, तरी रोज भेटल्याशिवाय चैन नाही. त्याने माझ्या कपात चहा ओतला. मी आभाराची दोन बोटं टेबलावर टकटकवली, सगळे करतात तशी. बोटं थांबेचनात! टकटक, टकटक.

"अरे बास! चहाच पाजलाय, बेट नाही लिहून दिलं तुझ्या नावावर!" बिउ हसला. शेजारच्या टेबलावरचेही हसले. मीही हसलो. हात मांडीखाली दाबून बसलो. सगळा चहा डाव्या हाताने प्यायलो.

९ नोव्हेंबर, शनिवार

हांगचा फोन. लग्न ठरवतोय! मुलगी वाय-लाम. दोनदा घरी येऊन गेलीय, बडबडी आहे, मला आवडते. पुढच्या शनिवारी तिचे वडील भेटायला येणार. आई नाही तिला. सिउ-फान फोनवरच रडायला लागली. मग माझ्याकडे बघून — "हा बघा, पुतळा! अरे काहीतरी बोल पोराशी!"

मी म्हटलं, छान. मग विचारलं, वडील काय करतात.

"वैद्य आहेत, बाबा. नाडी बघतात. फुंगवैद्य. नुसतं माणसाच्या चालण्यावरून रोग ओळखतात म्हणे!"

हे हांग कौतुकाने सांगत होता. मी फोन परत सिउ-फानच्या हातात दिला.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवसभर एकच विचार. वैद्याने ओळखलं तर तो पहिला प्रश्न तोच विचारणार — वडिलांना होतं का? आणि असल्या घरात कोण मुलगी देईल? मी तरी दिली असती का? नसती दिली. स्वतःशी खोटं कशाला बोलू.

हांगला हॉटेल हवंय. हॉटेलात तर मेलोच. यजमान मी. प्रत्येक ताट आलं की पहिला तुकडा मी चॉपस्टिकने उचलायचा आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वैद्याच्या वाडग्यात ठेवायचा. बदकाचा तुकडा टेबलावर नाचताना दिसतोय मला!

संध्याकाळी सुचलं. लेट्यूसच्या पानातला खिमा! वाटीसारखं पान, त्यात खिमा, पान दुमडायचं, हातात धरून खायचं. चॉपस्टिकचं कामच नाही. यजमानाने एकेक पान भरून दोन्ही हातांनी पाहुण्याला द्यायचं. तो आदरही झाला, आणि एक हात दुसऱ्याला धरूनही ठेवतो.

सिउ-फानला म्हटलं, घरी बोलावू, स्वयंपाक मी करतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आज सूर्य कुठून उगवला? आणि या खुराड्यात पाच माणसं बसवणार कुठे, डोक्यावर?"

"घडीचं टेबल आहे की."

"लग्न झाल्यापासून मला कधी चहा करून दिला नाहीस, व्याह्यासाठी कढई धरतोय!"

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज करून बघितलं. खांद्याचं मांस आणलं, माझ्या जुन्या गाळ्यावरूनच. आता गाळा चालवणाऱ्या पोराने ते यंत्रात घालायला घेतलं, त्याच्या हातातून काढून घेतलं. यंत्रातला खिमा चिकट होतो, दाताखाली काही लागतच नाही.

दोन सत्तूर, दोन हातांत. ठोकळ्यावर मांस. आणि काय सांगू — हात थरथरला नाही! जरासुद्धा नाही. डावा, उजवा, डावा, उजवा, आवाज जुन्या गाळ्यावर यायचा तसाच. हात कामात असला की गुणी बाळ. विसावला की सुरू. मी उगाचच कापत राहिलो, खिम्याचा पार लगदा होईपर्यंत. सिउ-फान ओरडली, "डुक्कर कधीच मेलंय, सोड आता!"

भिजवलेले मशरूम, शिंगाडे, आलं, सगळं बारीक. मोठ्या आचेवर परतलं. खाली तळलेल्या तांदळाच्या शेवया, कुरकुरीत. पानं कात्रीने गोल कापून बर्फाच्या पाण्यात. पाणी मात्र नीट झटकायला हवं, नाहीतर खिमा पानात पोहतो. दहा पानं भरली. सांडलं नाही. सिउ-फानने चार खाल्ली, एक शब्द बोलली नाही. म्हणजे उत्तम.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बूट घालताना उजवा पाय जड वाटला. भास असेल. भासच असू दे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सिउ-फान बिउच्या मुलाकडून हा एवढा मासा घेऊन आली! वाफवायला.

"मासा कशाला?" मी ओरडलोच.

"व्याही घरी येणार आणि टेबलावर मासा नाही? लाज आहे की नाही? तू तुझा खिमा कर, मी माझा मासा करते."

माशाच्या गालाचा तुकडा पाहुण्याला यजमानानेच काढून द्यायचा असतो. तोही अखंड. मी ताप आल्याचं सोंग घ्यायचा विचार केला. पण वैद्यासमोर तापाचं सोंग!

१६ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

खिमा कापून ठेवला. हात शहाण्यासारखा वागला. संध्याकाळीही वाग रे बाबा.

१६ नोव्हेंबर, जेवणानंतर

पार पडलं! जसं घडलं तसं लिहितो.

फुंगवैद्य किडकिडीत, हसरे. डोळे मात्र मांजराचे. दारात बूट काढताना माझ्या पायांकडे बघत होते, की मला तसं वाटलं? मी लगेच स्वयंपाकघरात पळालो. हात कामाला लावला.

पहिलं पान त्यांना दिलं, दोन्ही हातांनी. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. क्षणभर तिथेच राहिली. ते खाऊ लागले, डोळे मिटून. "सुऱ्याने कापलाय. यंत्रातला नाही."

"चाळीस वर्षं कापतोय."

"तुमचे वडीलही याच धंद्यात?"

"हो."

"कशाने गेले?"

मी पुढचं पान भरायला घेतलं. सिउ-फान सहज म्हणाली, "दारू हो. दुसरं काय?" वैद्य म्हणाले, "हं." नुसतं हं! त्या हंमध्ये काय होतं देव जाणे.

आणि मासा आला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चॉपस्टिक उचलल्या, माशाच्या गालाजवळ नेल्या. थांबलो, तसं टोक ताटाच्या कडेवर वाजायला लागलं. टिक टिक टिक. त्या शांततेत केवढं मोठं!

"काका, मासा राहू दे हो!" वाय-लाम माझ्यासमोर हात पसरून. "मला आधी अजून एक पान. हावरट आहे मी, लग्नाआधीच सांगून ठेवते!"

"लोकांना वाटेल मी हिला उपाशी ठेवतो," वैद्य म्हणाले. सगळे हसले. मी चॉपस्टिक खाली ठेवून पान भरायला घेतलं. मासा सिउ-फानने वाढला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

देवाने पाठवली पोरगी! हावरट असली तर असू दे, जन्मभर खिमा करून घालीन.

हांगने सहा-सात पानं खाल्ली असतील, चॉपस्टिकना शिवलासुद्धा नाही. निघताना म्हणाला, "बाबा, हाच बेत केलात ते फार बरं झालं." एवढं कौतुक त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

वैद्यांनी जिन्यात माझा हात हातात घेतला. "पुढच्या महिन्याचा मुहूर्त बघू." होकार! आज निवांत झोपणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

चौघं चहाला गेलो. मी हांगच्या कपात चहा ओतला. ओतताना हात शहाणा होता. हांगने आभाराची दोन बोटं टेबलावर टकटकवली. मी किटली खाली ठेवली. त्याची बोटं थांबली नाहीत.

अरे बास, बेट नाही लिहून दिलं — माझ्या ओठांवर आलं होतं. तिथेच राहिलं.

वाय-लाम सिउ-फानशी लग्नाच्या केकबद्दल बोलत होती. बोलता बोलता, न बघताच, तिने त्याच्या बोटांवर आपला तळहात ठेवला. रोजचं असल्यासारखं. त्याची बोटं गप्प झाली.

तरी टकटक ऐकू येतच होती. ती माझी होती. हांगने वर बघितलं.